कागद कोणाच्या पेटीत?



आगोटीची कामं सुरू झाली. छपरं शाकारायची, लाकूडफाटा भरायचा, बियाणं बघायचं. यंदा त्यात आणखी एक काम घाला. घरातले जमिनीचे कागद बाहेर काढा, ऊन दाखवा आणि कोणता आहे, कोणता नाही ते मोजून घ्या.

१३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून रान आपण कसतो, हे वनहक्क कायद्याखाली आपल्याला दाखवायचं आहे. त्यासाठी एकाहून जास्त पुरावे लागतात. बांध, विहीर, घर, म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब हे सगळे पुरावेच आहेत. अमुकच कागद आणा म्हणून अडवायचा अधिकार कोणत्याही समितीला नाही. तरी जुना कागद हातात असला की साहेबाचं तोंड लवकर बंद होतं. जंगल खात्यानं आपल्याला चोर ठरवून फाडलेली दंडाची पावती आज आपल्याच बाजूनं साक्ष देते.

पण ही साक्ष आहे कुठं? कोणाची माळ्यावर वाळवी खाते. कोणाची धुरानं काळी झालीय. कोणी "काम करून देतो" म्हणणाऱ्याच्या हातात दिली, तो परत दिसलाच नाही. आणि कोणी विश्वासानं संघटनेच्या कार्यकर्त्याकडं ठेवलीय. विश्वास चांगला, पण कार्यकर्त्याची शबनम म्हणजे दप्तर नव्हे. कार्यकर्ता आजारी पडतो, बदलतो, दुसऱ्या गावाला जातो. दप्तर गावात राहिलं पाहिजे. कायदाही तेच सांगतो. नियम ११ प्रमाणे दावे आणि पुरावे घेणं, त्याची पोच देणं, दाव्यांचं दप्तर तयार करणं हे गावच्या वनहक्क समितीचं काम आहे.

म्हणून प्रत्येक पाड्यानं एवढं करायचं:

१. अस्सल कागद कोणाला ठेवून घेऊ द्यायचा नाही. वकिलाला नाही, तलाठ्याला नाही, संघटनेलाही नाही. अस्सल दाखवायचा, झेरॉक्स द्यायची.

२. अर्ज दिला की पोच घ्यायची. तारीख, सही, शिक्का. पोच नसेल तर उद्या कचेरी म्हणेल, अर्ज आलाच नाही.

३. समितीनं एक जाड वही करायची. एका दाव्याला एक पान. हक्क दोघांच्या नावे होतो, म्हणून नवरा-बायको दोघांचं नाव लिहा. जागा किती, पुरावे कोणते, पडताळणी कधी झाली, ठराव कधी झाला, दावा आता कोणत्या समितीकडं आहे, सगळं त्या पानावर.

४. पावतीवर काळ्या, रेशनकार्डावर काळू, मतदार यादीत आडनावच वेगळं. असं असेल तर सगळी नावं पानावर लिहा आणि हा एकच माणूस आहे असा ग्रामसभेचा ठराव करा.

५. दावा नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. ६० दिवसांत वरच्या समितीकडं दाद मागता येते. म्हणून पत्र ज्या दिवशी हातात पडलं ती तारीख त्याच दिवशी वहीत लिहा.

६. कचेरीतली फाईल बघायची तर माहिती अधिकारात अर्ज टाका. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तीही नाही. उत्तर ३० दिवसांत दिलं पाहिजे.

कागद पत्र्याच्या पेटीत, जमिनीपासून वर ठेवा. टाचण्या काढून टाका, पावसाळ्यात गंजतात. ओला कागद प्लास्टिकात घालू नका, बुरशी धरते.

शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी. वही दर ग्रामसभेत मोठ्यानं वाचायची. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही आपल्या पानावर काय लिहिलंय ते ठाऊक पाहिजे. नाहीतर कचेरीतला बाबू गेला आणि गावातला बाबू आला, एवढाच फरक. आणि बाहेरचा कोणी अभ्यासाला म्हणून वही मागेल, तर ग्रामसभेला विचारल्याशिवाय द्यायची नाही.

पुढच्या तालुका बैठकीला प्रत्येक पाड्यानं आपली वही आणायची आहे. अर्धवट असली तरी चालेल. कोरी नको.

कसेल त्याची जमीन!