साफसफाईच्या नावाखाली कापले जाणारे डिपॉझिट

मे-जून आला की पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नवी मुंबई या भागांत भाड्याच्या घरांची अदलाबदल सुरू होते. अकरा महिन्यांचे करार संपतात, कुणाचे कॉलेज संपते, कुणाची नोकरी बदलते. याच दिवसांत आमच्याकडे एक तक्रार हमखास येते. घर सोडले, किल्ली दिली, आणि डिपॉझिट मिळाले ते कापून. कापण्याचे कारण पूर्वी ‘रंगकाम’ असायचे. आता त्याच्या जोडीला ‘डीप क्लीनिंग’ आले आहे. कुणाचे पाच हजार जातात, कुणाचे आठ, कुणाचे महिन्याचे सगळे भाडे. बिल मागितले तर फोन उचलला जात नाही.

ही रक्कम किरकोळ वाटणाऱ्यांनी ते डिपॉझिट आले कुठून हे विचारावे. मराठवाड्यातून, विदर्भातून शहरात आलेल्या आपल्या मुलामुलींच्या डिपॉझिटमागे बहुतेक वेळा आईचे बचत गटातले कर्ज असते, नाहीतर गहाण ठेवलेला एखादा दागिना. शिवाय पुढच्या घराचे डिपॉझिट याच पैशातून भरायचे असते. आठ हजार अडकले की नवे घर हातचे जाते, किंवा मित्राकडे उसनवारी होते.

यात जात आहे का, हा प्रश्न आमच्या बैठकांमध्ये दरवेळी येतो. आमचे म्हणणे स्पष्ट आहे. साफसफाईच्या नावाने पैसे कापणे हा घरमालकांचा सर्वसाधारण धंदा आहे आणि तो जोशी-पाटलांच्या पोरांनाही सोडत नाही. प्रत्येक कपातीला जातीचा रंग दिला तर खरी प्रकरणे कमजोर होतात. पण भाड्याच्या बाजारात जात नाही, असे म्हणणेही खोटे आहे. डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व परिसरातील शहरांत घर शोधणाऱ्यांचा अभ्यास करून तो २०१५ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त मांडला. दलित आणि मुस्लिम घरशोधकांना कुठे थेट नकार मिळतो, तर कुठे जाचक अटी घातल्या जातात, हे त्यातून पुढे आले. आपल्याकडे आडनाव विचारून, ‘फक्त शाकाहारी’ लिहून तेच होते. नकार दारात दिसतो, त्याची चर्चा होते. घर सोडतानाच्या हिशोबाची मात्र कुणी चर्चा करत नाही.

नांदेडकडच्या दोन मुलींचे उदाहरण घेऊ. एक नर्स, दुसरी एमपीएससीची तयारी करणारी. डिपॉझिट पन्नास हजार. घरमालकीणबाई वर्षभर बऱ्या वागल्या. घर सोडल्यावर बारा हजार कापले: सहा हजार साफसफाई, तीन हजार ‘स्वयंपाकघराची वेगळी साफसफाई’, तीन हजार फुटलेल्या बेसिनचे. बेसिन मुलींकडूनच फुटले होते, ते त्यांनी मान्य केले. पण ओटा, फरशी, संडास-बाथरूम त्यांनी दोन दिवस खपून घासले होते. फोनवर बाई म्हणाल्या, “तसं काही नाही गं, पण तुमच्या खाण्याचा वास जात नाही. पुढच्यांना पूजा घालायचीय.” मुली आमच्याशी बोलताना म्हणत होत्या, “ताई, जाऊ द्या, आपण घाण होतो असं कुठं लिहून मागायचं?”

ही लाजच घरमालकाच्या कामी येते. जातिव्यवस्थेने स्वच्छतेचा अर्थ झाडू-फडक्यावर कधी ठेवलाच नाही, तो माणसावर ठेवला. ‘तुमच्यानंतर घर धुवून घ्यावे लागले’ हे वाक्य ऐकले की आपला माणूस हिशोब मागणे सोडतो आणि स्वतःची सफाई देऊ लागतो. आणखी एक गोष्ट. त्या सोसायटीत चौकशी केली तेव्हा कळले की घर पुसायला तिथेच काम करणाऱ्या एका मावशींना बोलावले होते. दोन तासांचे काम, हातात पाचशे रुपये. मावशी आपल्याच वस्तीतल्या. म्हणजे नऊ हजारांची ‘शुद्धी’ झाली तीही आपल्याच हातांनी!

आता कायद्याकडे येऊ, कारण लढाई तिथे सोपी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती केली नसेल तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून उपयोगाचे म्हणजे, नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ‘एजंटने नुसते स्टॅम्प पेपरवर करून दिले’ म्हणून घाबरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. ती चूक घरमालकाची आहे.

दुसरा मुद्दा नुकसानीचा. भारतीय करार कायद्याची कलमे ७३ आणि ७४ भरपाईची आहेत, दंड वसुलीची नाहीत. कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नुकसान झालेलेच नसेल तर रक्कम जप्त करता येत नाही, आणि जिथे नुकसान सिद्ध करणे शक्य आहे तिथे ते सिद्ध करावे लागते. साफसफाईचा खर्च सिद्ध करणे अवघड नाही, बिल दाखवले की झाले. वापराने होणारी झीज, म्हणजे भिंतीचा फिका पडलेला रंग, फरशीवरचे जुने डाग, खिळ्याचे एखादे भोक, हे नुकसान नव्हे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०८ भाडेपट्ट्याबाबत हेच तत्त्व सांगते. लिव्ह अँड लायसन्स हा भाडेपट्टा नसतो, त्यामुळे ते कलम जसेच्या तसे लागू होत नाही, पण युक्तिवादाला त्याचा आधार घेता येतो. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्याने राहत्या घरासाठी डिपॉझिटची मर्यादा दोन महिन्यांचे भाडे इतकी ठेवली आणि भिंतींची रंगसफेदी घरमालकाच्या यादीत टाकली. मात्र तो नमुना आहे, राज्याने स्वतः कायदा केल्याशिवाय तो बंधनकारक नाही. महाराष्ट्राकडे ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरायला हवी, पण ती मोर्चाच्या निवेदनात शेवटच्या ओळीतही नसते.

सरकारला डिपॉझिटची किंमत कळत नाही असे समजू नका. कराराचे मुद्रांक शुल्क काढताना परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते भाड्यात मिळवले जाते. म्हणजे आपल्या पैशाचा लाभ घरमालकाला होतो हे शासन मानते आणि त्यावर शुल्क घेते. भाडेकरूला तो पैसा वेळेवर परत मिळाला की नाही, हे मात्र कुणी पाहत नाही.

खरी अडचण सहीच्या वेळी असते. ‘घर सोडताना रंगकाम व साफसफाईपोटी एका महिन्याचे भाडे कापले जाईल’ असे कलम करारात असेल आणि आपण सही केली असेल, तर बाजू दुबळी होते. संपत नाही, पण दुबळी होते. म्हणून करार वाचूनच सही करावी, आणि ते कलम ‘प्रत्यक्ष नुकसान, बिलासह’ असे बदलून घ्यावे. डिपॉझिट रोख देऊ नये. राहायला जाताना आणि सोडताना घराचा व्हिडिओ काढून त्याच दिवशी घरमालकाला पाठवावा आणि मूळ फोनमधून तो पुसू नये. किल्ली दिल्याची पोच व्हॉट्सअॅपवर का होईना, घ्यावी.

दोन गोष्टी करू नयेत. शेवटचे दोन महिने भाडे थांबवून ‘डिपॉझिटमधून वळते करा’ म्हणणे अनेकांना शहाणपणाचे वाटते. घरमालकाने लेखी मान्य केले तर ठीक, नाहीतर करार मोडणारे आपण ठरतो. आणि पैसे मिळेपर्यंत घर अडवून तर मुळीच बसू नये. मुदत संपल्यावर घर सोडले नाही तर कलम २४ प्रमाणे भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई लागू शकते.

त्या दोघींनी शेवटी एक पानाचे पत्र पाठवले. बेसिनचे तीन हजार मान्य, उरलेल्या नऊ हजारांचे बिल पंधरा दिवसांत द्या, नाहीतर रक्कम परत करा. पत्रात वासाचा, पूजेचा, जातीचा उल्लेख नव्हता. आमच्यातल्याच काहींना हे पटले नाही. ‘अॅट्रॉसिटी लावायला हवी होती’ असे एक कार्यकर्ते म्हणाले. पण अपमान सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा ठिकाणी झालेला असावा लागतो आणि चार भिंतींच्या आत झालेला त्यात बसत नाही, हे हितेश वर्मा प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. दोघींतल्या फोनवरच्या बोलण्यावर ते कलम टिकले नसते. जिन्यात, पार्किंगमध्ये, चार लोकांसमोर जातीवरून कुणी बोलले तर साक्षीदारांची नावे लिहून थेट पोलीस ठाणे गाठावे. ते वेगळे प्रकरण, त्याला डिपॉझिटच्या पत्रात कोंबू नये. अठराव्या दिवशी मुलींच्या खात्यात नऊ हजार आले, सोबत एक शब्दही नाही.

पत्राने काम झाले नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्याचे कार्यालय असते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जातींच्या व्यक्तींना आणि सर्व महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतून बौद्ध झालेलेही यात येतात. जातीचा दाखला, करार, बँकेची नोंद आणि चॅटच्या प्रती घेऊन जावे. दावा दाखल होण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवण्याची विनंती करता येते, आणि बरेच घरमालक तिथली नोटीस आल्यावरच बोलायला तयार होतात. पैशाच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे. ज्यांनी गेल्या वर्षी, त्याच्या आदल्या वर्षी ‘जाऊ दे’ म्हणून सोडून दिले, त्यांची मुदत अजून गेलेली नाही.