कारखान्याचीं माणसें कोणतीं?

गळिताचा हंगाम सुरू झाला कीं सभासदांच्या तोंडीं दोनच प्रश्न असतात : आमच्या उसाला तोड केव्हां मिळणार, आणि उतारा काय पडला. हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत व त्यांविषयीं आम्ही या पानांतून वेळोवेळीं लिहीत आलों आहों. आज एक तिसरा प्रश्न वाचकांपुढें ठेवावयाचा आहे. ज्या कारखान्यास आपण अभिमानानें आपला म्हणतों, त्या कारखान्याचीं माणसें म्हणजे नेमकीं कोण?

एका सहकारी साखर कारखान्याच्या वार्षिक सभेस बसण्याचा योग आम्हांस मागें आला होता. अहवालांत कामगार-कल्याणाचें स्वतंत्र प्रकरण होतें. वसाहतीची डागडुजी, उपाहारगृह, बोनस, कामगारांच्या मुलांस पारितोषिकें, असा सारा तपशील त्यांत होता. कायम, हंगामी व रोजंदारीवरील नोकरांची मोजदादही होती. तेव्हां एका वृद्ध सभासदानें उठून विचारलें, “तोडणीवाल्यांचा आंकडा कोठें आहे?” व्यासपीठावरून उत्तर आलें कीं, तीं मुकादमाचीं माणसें, आपलीं नव्हेत. सभा हंसली व विषय पुढें गेला. आम्हीही त्या वेळीं गप्प बसलों. ही गोष्ट लपविण्यांत अर्थ नाहीं.

मुकादमाचीं माणसें म्हणावयाचीं, तीं कोण? बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव अशा जिल्ह्यांतील कोरडवाहू गांवांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखों माणसें बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघतात. त्यांत जशीं भूमिहीन कुटुंबें आहेत तशीं दोन-चार एकरांचे धनी असलेलीं, म्हणजे आपल्यासारखीं शेतकरी कुटुंबेंही आहेत. पाऊस नाहीं म्हणून तीं आपल्या फडांत आलीं, एवढाच भेद. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल नवऱ्याच्या हातीं, हिशेब मुकादमाच्या वहींत, आणि बाईचें नांव कोठेंच नाहीं. ती पहाटेच्या काळोखांत भाकऱ्या थापून फडांत जाते, पाचट काढते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते, आणि रात्रीं परत येऊन चूल पेटविते. तिच्या तान्ह्या मुलाचा पाळणा बांधाच्या बाभळीला टांगलेला आपण सर्वांनींच पाहिला आहे. पाहून विसरलों आहों, असें म्हणणें अधिक खरें होईल.

या विसराचें फळ काय, हें २०१९ सालीं सर्व महाराष्ट्रास कळलें. बीड जिल्ह्यांतील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न त्या वर्षीं पुढें आला, व डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिक जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. कामावर एक दिवस न गेल्यास खाडा धरला जातो व उचलींतून पैसे वळते होतात. शौचाची व स्नानाची सोय नाहीं. त्यामुळें आजार बळावतो. डॉक्टर भय घालतो. आणि कर्ज काढून शस्त्रक्रिया होते. तें कर्ज फेडण्यास पुन्हां उचल घ्यावी लागते. हा फेरा ज्या फडांत फिरतो तो फड आपला आहे, आणि त्या उसाचें बिल आपल्याच खात्यावर जमा होतें.

यावर एक आक्षेप असा येतो कीं, आतां यंत्रें आलीं आहेत, थोड्याच वर्षांत हा प्रश्न आपोआप मिटेल. यंत्रास रुंद सरी लागते, लांब तुकडा लागतो, वळावयास जागा लागते. वांटण्या होऊन वीस-वीस गुंठ्यांवर आलेलीं आपलीं शेतें यंत्राच्या उपयोगीं किती पडतील, याचा विचार आक्षेपकांनीं करावा. शिवाय तोडणी ही नुसती अंगमेहनत नव्हे. उसाच्या बुडख्याकडील पेऱ्यांत साखर अधिक असते. जमिनीलगत स्वच्छ घाव घालणारा हात असेल तर वजनही मिळतें, उताराही मिळतो, आणि खोडवाही जोमानें फुटतो. घाईनें वर घाव घातला तर तिन्ही ठिकाणीं नुकसान होतें, व तें शेतकऱ्याचें होतें. इतका कसबी माणूस गिरणीच्या आंत असता तर आपण त्यास फिटर म्हटलें असतें आणि त्याचें नांव पटावर घेतलें असतें.

आंतला पट तरी पाहूं या. तेथील माणसें कोणत्या गांवचीं, कोणत्या घराण्यांतलीं, कोणाच्या नात्यांतलीं, हें वाचकांस आमच्याहून अधिक ठाऊक आहे. संचालकाचा भाचा वजनकांट्यावर, भावकीतला दुसरा भांडारांत, आणि शिकलेली दलित वा धनगर मुलगी अर्ज करून थकलेली, हा अनुभव एका तालुक्याचा नाहीं. सहकारी संस्थांच्या संचालक मंडळांत स्त्रियांस दोन जागा, तसेंच अनुसूचित जाति-जमाती, इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्त जमाती यांस प्रत्येकीं एक जागा कायद्यानें राखलेली आहे. पण राखीव जागेवर निवडून आलेल्या बाईंच्या ऐवजीं सभेंत त्यांचे यजमान बोलतात, हेंही आम्हीं पाहिलें आहे. २०१३ च्या कायद्यान्वयें दहा वा अधिक माणसें जेथें काम करतात तेथें स्त्रियांच्या छळाची तक्रार ऐकणारी समिती हवी, तिची अध्यक्षा स्त्री हवी, आणि संस्थेबाहेरची एक व्यक्ति तींत हवी. ती समिती कोणत्या खोलींत बसते, हें आपल्या कारखान्यांतील एखाद्या स्त्री-लेखनिकेस सहज विचारून पाहावें.

सर्व जातींचीं माणसें एकत्र घेतलीं तर कारखान्यांत वितुष्ट येईल, असें सांगणारे लोक अजून आहेत. त्यांस आम्ही किर्लोस्करवाडीचें स्मरण देतों. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९१० सालीं औंध संस्थानांत, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळरानावर आपला कारखाना व वसाहत उभी केली. लोखंडी नांगरानें जमीन विषारी होते, अशी समजूत असलेल्या आपल्या आजे-पणज्यांस त्यांनीं तो नांगर विकला, हें तर प्रसिद्धच आहे. परंतु त्या वसाहतींत अस्पृश्यता पाळावयाची नाहीं असा दंडक त्यांनीं घातला, आणि गुन्हेगार म्हणून ज्यांवर शिक्का बसला होता त्यांस पहाऱ्याच्या कामावर नेमलें, ही गोष्ट नांगर वापरणारे विसरले. शंभर वर्षांपूर्वीं खासगी धन्यास जें साधलें, तें हजारों सभासदांच्या संस्थेस साधूं नये, याचें नवल वाटतें.

येथें आपल्या घरचीही एक गोष्ट बोलली पाहिजे. उत्पादक सभासद व्हावयाचें तर जमीन नांवावर लागते, आणि सातबाऱ्यावर बायकोचें नांव किती घरांत आहे? चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनें लक्ष्मीमुक्तीची हांक दिली, तेव्हां अनेकांनीं आपणहून पत्नीच्या नांवें जमीन केली. ती हांक आज कोणी देत नाहीं. पण फेरफाराची नोंद करण्यास हांकेची वाट पाहावी लागत नाहीं.

खर्चाचा आक्षेप राहिला. तोडणी कामगारांच्या कल्याणासाठीं गोपीनाथ मुंडे यांच्या नांवें महामंडळ स्थापन झालें, त्यास कारखान्यांनीं टनामागें दहा रुपये द्यावयाचे ठरलें. उसाच्या दराशीं ही रक्कम ताडून पाहावी. आम्ही मागतों तें याहून अवघड नाहीं. तोडणीचा करार नवरा व बायको या दोघांच्या नांवें स्वतंत्र व्हावा, आणि बाईची मजुरी तिच्या बँक-खात्यांत जावी. टोळी उतरते तेथें पाणी, दिवा व शौचालय असावें. पाळीच्या व बाळंतपणाच्या दिवसांचा खाडा धरूं नये. तान्ह्या मुलांसाठीं तळावर पाळणाघर चालवावें, व त्यावर त्याच टोळींतील एखादी वयस्क बाई पगारी ठेवावी. भरती होतांना जाहिरात तालुक्याबाहेरच्या पत्रांतही यावी आणि मुलाखतीच्या मंडळांत उमेदवाराचा नातलग नसावा.

येत्या वार्षिक सभेचा अहवाल हातीं आल्यावर वाचकांनीं कामगार-कल्याणाचें पान उघडून तोडणी करणाऱ्या स्त्रियांचा आंकडा त्यांत आहे काय, हें पाहावें. नसल्यास सूचना लेखी व मुदतींत द्यावी. कारण आयत्या वेळचे विषय अध्यक्षांच्या परवानगीनें येतात, आणि ती मिळतेच असा आमचा अनुभव नाहीं.