गेलेल्याने बोलू नये काय?

देश सोडून गेलेल्या माणसास देशाविषयी बोलण्याचा अधिकार उरत नाही, असे एक मत आपल्या सुशिक्षितांत फार रूढ आहे. चीनचा विषय निघाला की हे मत विशेष हिरिरीने पुढे येते. तेथून बाहेर पडलेल्या एखाद्या विद्वानाने तेथील राज्यकर्त्यांस दोष दिला, तर आपल्यातील जाणती माणसे म्हणतात, "हा सुरक्षित जागी बसून बोलतो आहे. तिकडचे रस्ते पाहा, पूल पाहा, आगगाड्या पाहा आणि मग बोला." हे मत आम्हांस सर्वथैव अमान्य आहे. ते का अमान्य आहे, हे एका चिनी शास्त्रज्ञाच्या उदाहरणाने आम्ही वाचकांपुढे मांडणार आहोत.

फांग लीझी यांचा जन्म १९३६ साली बीजिंग येथे झाला. पदार्थविज्ञान हा त्यांचा विषय. १९५५ साली ते कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. पुढे दोनच वर्षांनी माओंनी 'उजव्यां'विरुद्ध मोहीम उघडली आणि साडेपाच लाखांहून अधिक माणसांच्या कपाळी तो शिक्का बसला. पक्षास चार सुधारणा सुचवू पाहणाऱ्या फांग यांसही पक्षातून घालविण्यात आले. १९७२ साली त्यांनी विश्वरचनेवर एक निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा विश्वास आरंभ आहे ही कल्पनाच मार्क्सवादाविरुद्ध आहे असे म्हणून पक्षाचे पंडित त्यांच्यावर तुटून पडले. माओंच्या मृत्यूनंतर त्यांची प्रतिष्ठा त्यांस परत मिळाली व ते हफै येथील विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाचे उपाध्यक्षही झाले. परंतु १९८७ च्या जानेवारीत त्यांची पक्षातून पुन्हा हकालपट्टी झाली. १९८९ च्या आरंभी त्यांनी देंग श्याओपिंग यांस उघड पत्र लिहून वेई जिंगशेंग व इतर राजबंद्यांच्या सुटकेची मागणी केली. त्याच वर्षी जूनमध्ये बीजिंगच्या रस्त्यांवर सैन्याने गोळ्या चालविल्या. फांग व त्यांच्या पत्नी ली शूश्यान यांनी अमेरिकन वकिलातीत आश्रय घेतला आणि तेथे एक वर्षाहून अधिक काळ ते कोंडल्यासारखे राहिले. जून १९९० मध्ये त्यांस देशाबाहेर जाऊ देण्यात आले. पुढे ते अमेरिकेत अध्यापन करीत राहिले व २०१२ साली तेथेच वारले.

हा मनुष्य सुखाच्या शोधात परदेशी गेला, असे ज्यांस वाटत असेल त्यांनी वरील हकिकत पुन्हा एकदा वाचावी. देशात असताना जे बोलल्याबद्दल शिक्षा झाली, तेच ते बाहेर गेल्यावर बोलत राहिले. मग ते घरी होते तोवर खरे व सीमेपार गेल्याबरोबर खोटे, असे कसे म्हणता येईल?

आता ते काय म्हणाले ते पाहू. १९९० साली लिहिलेल्या एका लेखात फांग यांनी असे दाखविले की, चीनच्या राज्यकर्त्यांचे मुख्य साधन तुरुंग नसून विस्मृती हे आहे. सुमारे दर दहा वर्षांनी मागील पिढीचा अनुभव समाजाच्या स्मरणातून पुसला जातो. १९५७ साली ज्या तरुणांनी तोंड उघडले त्यांस त्यापूर्वी येनान येथे विचारवंतांचा कसा छळ झाला याची वार्ता नव्हती. १९७९ साली लोकशाहीच्या भिंतीवर पत्रके लावणाऱ्यांस १९५७ चे धडे ठाऊक नव्हते, आणि १९८९ च्या विद्यार्थ्यांस १९७९ ची माणसे अपरिचित होती. प्रत्येक पिढी त्यामुळे पहिल्या पायरीपासून आरंभ करते आणि त्याच पायरीवर मारली जाते.

फांग यांनी दोष केवळ सरकारलाच दिला असे नाही. समाजासही त्यांनी सोडले नाही. हक्क ही वरून मिळणारी बक्षिसी आहे, चांगला अधिकारी आला म्हणजे तो ती देईल, अशी वाट पाहत बसणाऱ्या आपल्या देशातील सुशिक्षितांस त्यांनी खडे बोल सुनावले. हक्क माणसाबरोबरच जन्मास येतात, हे त्यांचे सांगणे होते. पदार्थविज्ञानाचे नियम जसे देशपरत्वे बदलत नाहीत, तसे मनुष्याचे मूलभूत हक्कही बदलत नाहीत, ही त्यांची भूमिका होती.

त्यांचे निदान पुढील काळाने खोटे ठरविले काय? माओंच्या काळातील महादुष्काळात यांग जीशेंग या पत्रकाराचे वडील १९५९ साली अन्नावाचून मेले. त्याने वर्षानुवर्षे दप्तरे चाळून त्या दुष्काळाचा इतिहास लिहिला व मृतांची संख्या ३ कोटी ६० लाख अशी काढली. तो ग्रंथ २००८ साली हाँगकाँगमध्ये निघाला. चीनच्या मुख्य भूमीवर त्यास बंदी आहे. हाँगकाँगमध्ये १९९० पासून दर वर्षी ४ जूनला हजारो लोक मेणबत्त्या लावून १९८९ च्या मृतांचे स्मरण करीत. २०२० साली तेही बंद पाडण्यात आले. आपल्याशी निगडित अशीही एक गोष्ट आहे. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात आपले २० जवान धारातीर्थी पडले. त्यांची नावे दोन-तीन दिवसांतच देशाला कळली. चीनने आपले चार सैनिक मेल्याचे आठ महिन्यांनी सांगितले, आणि त्या आकड्याविषयी शंका घेणाऱ्या एका चिनी लेखकास मे २०२१ मध्ये आठ महिन्यांची शिक्षा झाली. आपल्या मृतांची संख्या विचारणे हाही जेथे गुन्हा ठरतो, तेथे घरी राहिलेल्याने बोलावे तरी कसे?

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, चीनने कोट्यवधी लोकांचे दारिद्र्य दूर केले. ते खरे आहे, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु पोट भरले म्हणून पुत्रशोक संपत नाही. डिंग झीलिन या प्राध्यापिकेचा १७ वर्षांचा मुलगा १९८९ च्या जूनमध्ये गोळीने मेला. तिने व तिच्यासारख्या इतर मातांनी वर्षानुवर्षे एवढेच मागितले की सत्य सांगा, भरपाई द्या, दोषींना न्यायासनापुढे आणा. त्या मागणीचे उत्तर आगगाड्यांच्या वेगाने कसे देता येईल?

दुसरा आक्षेप असा की, असे निर्वासित पाश्चात्त्यांच्या तालावर नाचतात. फांग यांनी तर पाश्चात्त्यांसच खडसावले. व्यापार वाढला, संपत्ती वाढली की चीनमध्ये लोकशाही आपोआप येईल, या समजुतीस त्यांनी २०१० साली अमेरिकेतील एका प्रमुख वृत्तपत्रात भ्रम म्हटले. यजमानास प्रिय ते बोलणाऱ्याची ही रीत नव्हे.

आमच्या गोमंतकीय वाचकांस तर हा विषय परका वाटण्याचे कारणच नाही. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा जुवारी ओलांडून अंत्रुजात आली. मोडलेल्या देवळांची आठवण मोडणाऱ्यांनी जतन केली नाही. मूर्ती घेऊन निघून गेलेल्यांनी केली. तुम्ही गाव सोडले, आता गावाविषयी बोलू नका, असे त्यांस कोणी म्हटले असते तर आपण ते ऐकून घेतले असते काय?

फांग यांच्या निदानात एक आशाही होती. १९८९ चे वृत्त जगभरच्या वार्ताहरांनी नोंदविले असल्यामुळे ते पुसणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही, असे ते म्हणत. नोव्हेंबर २०२२ मध्ये उरुमची येथील आगीत माणसे मेली, तेव्हा चीनच्या अनेक शहरांत तरुण कोरे कागद हातात धरून उभे राहिले. त्यावर काय लिहावयाचे होते, हे पाहणाऱ्या प्रत्येकास कळले. परदेशी शिकणारे चिनी विद्यार्थीही तसेच कोरे कागद घेऊन रस्त्यावर आले. आत राहिलेले आणि बाहेर गेलेले यांत भांडण लावणाऱ्यांनी याचा विचार करावा.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले व १९४२ साली तेथेच रुग्णसेवा करीत असता वारले. शीच्याच्वांग येथे त्यांचा पुतळा आहे आणि चिनी राज्यकर्ते त्यांचे स्मरण आदराने करतात. याचा मराठी माणसास सार्थ अभिमान आहे. परंतु परक्या देशातील वैद्याचे स्मरण ज्यांस साधते, त्यांस स्वतःच्या राजधानीत स्वतःच्याच सैन्याने मारलेल्या मुलांची नावे उच्चारण्यास हरकत का असावी? हा प्रश्न फांग लीझी यांनी दूर देशी बसून विचारला, कारण घरी तो विचारू देत नव्हते. तो चुकीचा असेल तर त्याचे खंडन करावे. विचारणारा कोठे बसला आहे हे दाखविणे, हे त्याचे उत्तर नव्हे.