मृताचा वाटा

ज्यां-पियेर मेलव्हिल यांच्या ‘ल सामुराई’ (१९६७) या फ्रेंच चित्रपटाची थोरवी गाणाऱ्या रसिकांची आपल्याकडेही वाण नाही. पैसे घेऊन माणसे मारणाऱ्या पॅरिसमधील जेफ कॉस्टेलोची ही कथा. तिच्या संथपणास हे रसिक संयम म्हणतात आणि नायकाच्या अबोलपणास तपश्चर्या. मेलव्हिल यांचे कौशल्य आम्हांसही मान्य आहे. आरंभीची जवळजवळ दहा मिनिटे कोणी बोलत नाही, करड्या खोलीत पिंजऱ्यातला एक पक्षी तेवढा चिवचिवतो, आणि तरीही प्रेक्षक जागचा हलत नाही. हे सामान्य कलावंताचे काम नव्हे.

परंतु कौशल्य मान्य केले म्हणजे हिशेब विचारण्याचा अधिकार संपला, असे नव्हे. या संथपणाचा लाभ कोणास झाला? जेफ आरशापुढे हॅटची कड कशी सारखी करतो, मोटार चोरताना जुडग्यातील एकेक किल्ली कशी लावून पाहतो, आपल्या जखमेवर पट्टी कशी बांधतो, हे सारे आपण सावकाश पाहतो. ज्या नाइट-क्लबच्या मालकास तो ठार करतो, त्याच्या वाट्यास मात्र दोन प्रश्न आणि गोळ्या! त्याच्यामागे कोण रडले, याची चौकशी नाही. चित्रपटात वेळ देणे म्हणजेच सहानुभूती देणे होय. ज्याच्या सहवासात आपण दीड-पावणेदोन तास काढतो तो आपला होतो; ज्यास मिनिटभरही मिळत नाही तो अडगळ ठरतो.

आरंभी पडद्यावर सामुराईच्या एकाकीपणाविषयी एक वचन येते व ते बुशिदोच्या ग्रंथातले म्हणून सांगितले जाते. वस्तुतः ते मेलव्हिल यांनीच रचलेले आहे. कलावंतास तशी मुभा असेल. पण हे उसने तेज कशासाठी? सामुराई आपल्या धन्याशी निष्ठेने बांधलेला असे. जेफला तर आपणास पैसे कोण देतो, हेही आरंभी ठाऊक नसते. अशास आपल्या भाषेत सुपारी घेणारा म्हणतात, आणि तो शब्द अधिक प्रामाणिक आहे.

कोणी म्हणेल, शेवटी तो रिकामे पिस्तूल घेऊन पोलिसांच्या गोळ्यांपुढे जातो. हे प्रायश्चित्त नव्हे काय? आमच्या मते नव्हे. ज्या पियानोवादिकेने ओळख देण्याचे नाकारून त्याला वाचविले, तिलाच मारण्याचे काम त्याच्याकडे आले होते. तिचे उपकार त्याने फेडले खरे. परंतु मारलेल्या मालकाविषयी तो पश्चात्तापाचा एक शब्दही काढीत नाही. अपराधाच्या आठवणीवाचून प्रायश्चित्त कसले?

असल्या चित्रपटांवर बंदी घालावी, असे आम्ही म्हणत नाही. बंदीने अभिरुची सुधारत नसते. स्तुती करणाराने मृताचाही वाटा मोजावा, एवढेच आमचे मागणे आहे. घरातील तरुण मुलगा जेफच्या ऐटीचे कौतुक करू लागला, तर त्याच्यावर रागावू नये. मेलेल्या माणसाविषयी तुला काय आठवते, एवढे विचारावे. उत्तर आले नाही, तर दोष मुलाचा नव्हे.