वस्तू वाचल्या, वास्तू गेली

हैदराबादला गेलेला मराठी माणूस सालारजंग म्युझियम पाहतो, संगमरवरी रिबेकापुढे थक्क होतो. पण ते सालारजंगांचे घर नव्हे. घर म्हणजे दिवाण देवडी. १९५१ साली म्युझियम सुरू झाले ते तिथेच. १९६८ साली ते मुसीकाठच्या नव्या इमारतीत गेले. देवडीच्या जागी आज दुकाने आहेत, कमान तेवढी उरली.

पहिले सालारजंग तीस वर्षे दिवाण होते. आपला मराठवाडाही त्यांच्याच कारभारात होता. आम्हा मुसलमानांना मात्र नवाबांच्या तलवारींचा अभिमान, त्यांच्या दफ्तराचा नाही. तलवार काचेत ठेवता येते. कारभार समजायला ज्या घरातून तो चालला ते घर उभे लागते. सरकारला जरूर जाब विचारू. पण देवडी जाताना आपण कुठे होतो?