पत्र पोचले, पण वाचता आले का?

(तृतीय वर्ष, कला)

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने एचटीएमएल ईमेलवर लेख लिहावा, हे काहींना विचित्र वाटेल. हा विषय संगणकवाल्यांचा. आपण कविता-कादंबऱ्या वाचाव्यात, असा आपल्याकडे समज आहे. पण ईमेल हे शेवटी पत्रच आहे, आणि पत्र कोणाला, कशा रीतीने लिहावे हा प्रश्न भाषेच्या विद्यार्थ्याचाही आहे. आज परीक्षेची वेळापत्रके, शिष्यवृत्तीच्या सूचना, व्याख्यानांची निमंत्रणे ईमेलने येतात. त्यांतली कित्येक मोबाईलवर धड वाचता येत नाहीत. अक्षरे मुंगीएवढी होतात, अर्धा मजकूर पडद्याबाहेर जातो, नाहीतर चित्राच्या जागी रिकामी चौकट दिसते. अशा वेळी आपण मोबाईलला किंवा स्वतःच्या अज्ञानाला दोष देतो. माझ्या मते दोष पाठवणाऱ्याचा असतो.

हे असे का होते, ते थोडे पाहू. ईमेल जन्माला आला तो निव्वळ मजकूर म्हणून. १९९२ साली माइम नावाची पद्धत ठरली आणि एकाच पत्रात साधा मजकूर, सजवलेली प्रत व चित्रे एकत्र पाठवता येऊ लागली. सजावटीसाठी वेबपानांची एचटीएमएल भाषाच घेतली गेली. परंतु वेबपान उघडणारे ब्राउझर आता पुष्कळसे एकाच नियमाने चालतात, तसे ईमेलचे झाले नाही. जीमेल, आउटलुक, ॲपल मेल, प्रत्येकाचा कायदा निराळा. मायक्रोसॉफ्टने आउटलुक २००७ मध्ये पत्र दाखवण्याचे काम इंटरनेट एक्सप्लोररकडून काढून वर्डकडे सोपवले. वर्ड हे कागदावर छापायचा मजकूर तयार करण्याचे साधन; वेबवरची नवी मांडणी त्याला कळेना. २००९ साली रचनाकारांनी ट्विटरवर मोठी मोहीम काढली, पण कंपनी बधली नाही. नवे आउटलुक ब्राउझरसारखे चालते. विंडोजवरचे जुने मात्र अजून वर्डच्याच नजरेने पत्र पाहते. पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलणारे ‘मीडिया क्वेरी’चे नियम जीमेलने स्वीकारले ते २०१६ मध्ये. आजही जीमेलच्या ॲपमध्ये दुसऱ्या कंपनीचे खाते जोडले, तर ते नियम गळून पडतात.

तेव्हा ईमेल रचणाऱ्याला जुन्या वाटेनेच जावे लागते. वेबपानांनी केव्हाच टाकून दिलेली टेबलांची मांडणी इथे अजून वापरतात, कारण ती वर्डलाही समजते. रंग, अक्षराचा आकार, समास हे सारे प्रत्येक घटकाच्या अंगावरच लिहावे लागते. पत्राची रुंदी साधारण ६०० पिक्सेलच्या आत ठेवतात. दोन रकाने हवेच असतील, तर प्रत्येकाला कमाल रुंदी देऊन ते शेजारी शेजारी मांडतात. मोबाईलच्या अरुंद पडद्यावर दुसरा रकाना आपोआप पहिल्याखाली सरकतो. त्यासाठी मीडिया क्वेरीची गरजच पडत नाही. जुन्या आउटलुकसाठी मात्र त्यालाच दिसेल असे एक वेगळे टेबल आडून घालून ठेवावे लागते. काम किचकट आहे यात शंका नाही. पण एकदा नीट साचा बांधला, की वर्षभर त्यात केवळ मजकूर बदलायचा असतो.

आपल्या मराठीचा प्रश्न आणखी वेगळा आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला, की निरर्थक चिन्हे दिसत. म्हणून सूचनेचे चित्र करून पाठवण्याची सवय लागली. युनिकोड आल्यावर ते कारण उरले नाही. सवय मात्र उरली. युनिकोडमध्येही काही पथ्ये आहेतच. सुंदर वेबफॉन्ट जीमेल दाखवत नाही. वाचणाऱ्याच्या यंत्रात असलेली देवनागरीच दिसते. इंग्रजीच्या मापाने ओळींतले अंतर ठेवले, तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत अडकतात. शिवाय जीमेल सुमारे १०२ किलोबाइटच्या पुढचे पत्र कापते आणि उरलेला भाग दुव्यावर टिचकी मारल्याशिवाय दाखवत नाही. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. ‘पत्र’ या लहानशा शब्दाचे बारा बाइट होतात! त्यात वर्डमधून उचलून चिकटवलेला मजकूर स्वतःबरोबर खंडीभर छुपा कोड घेऊन येतो. पत्राच्या तळाशी लिहिलेली अंतिम तारीख अशा वेळी दिसतच नाही.

माझ्या एका दृष्टिहीन मित्राला गेल्या वर्षी एका संस्थेकडून शिष्यवृत्तीची सूचना आली. सगळी सूचना एका रंगीत चित्रात होती. त्याच्या मोबाईलने मोठ्याने वाचले ते केवळ चित्राच्या फाईलचे नाव. तारीख, कागदपत्रांची यादी, अर्जाचा पत्ता, सारे त्या चित्रात बंद. वर्गातल्या एका मुलीने वाचून दाखवले म्हणून अर्ज वेळेत गेला. स्वतःला आलेले पत्र दुसऱ्याकडून वाचून घेणे एके काळी निरक्षरांच्या वाट्याला येत असे. पदवीच्या वर्गातल्या मुलाच्या वाट्याला ते आज का यावे?

कोणी म्हणेल, हल्ली सगळे जीमेलच वापरतात, एवढी उठाठेव कशाला? पण एकच जीमेल संगणकावर वेगळे, मोबाईलवर वेगळे आणि रात्रीच्या काळ्या पडद्यावर आणखी वेगळे दिसते. दुसरा म्हणेल, पीडीएफ जोडावे. जोडावे जरूर, पण दोन ओळींच्या बातमीसाठी नेट संपत आलेल्या मुलाने जड फाईल का उतरवावी? तिसरा आक्षेप मला अधिक पटतो : एचटीएमएल हवेच कशाला, साधा मजकूर पाठवावा. निरोप लहान असेल तर तेच उत्तम. पण वेळापत्रकाला कोष्टक लागते, लांब सूचनेला मथळे लागतात. अशा वेळी एचटीएमएलच्या जोडीला साध्या मजकुराची प्रतही त्याच पत्रात पाठवता येते. ती सोय माइमने पहिल्यापासून दिलेली आहे.

खरे तर या कंपन्यांनी एकत्र बसून एक नियम ठरवायला हवा. ते होईल तेव्हा होवो. आपल्या मंडळांनी, वाचनालयाने आणि कार्यालयाने मात्र एवढे आजपासून करावे. तारीख, वेळ आणि ठिकाण अक्षरांतच लिहावे, तेही पत्राच्या आरंभी. चित्र घातलेच तर त्यात काय आहे ते पर्यायी मजकुरात सांगावे. मांडणीच्या टेबलाला ‘प्रेझेंटेशन’ अशी खूण आणि पत्राला मराठी भाषेची खूण द्यावी, म्हणजे वाचून दाखवणारे यंत्र अडखळणार नाही. आणि ‘पाठवा’ हे बटण दाबण्यापूर्वी ते पत्र एकदा जुन्या मोबाईलवर, एकदा चित्रे बंद करून आणि एकदा डोळे मिटून, नुसते ऐकून पाहावे. तिन्ही वेळा तारीख समजली, तर ते खुशाल पाठवावे.