ठेवीचे व्याज घटले, म्हणून बाँड फंड?

रिझर्व्ह बँकेने २०२५ या एका वर्षात रेपो दर ६.५० टक्क्यांवरून ५.२५ टक्क्यांवर आणला. कर्जदारांना दिलासा मिळाला. मुदत ठेवींच्या व्याजावर घर चालवणाऱ्यांचे उत्पन्न मात्र आकसले. बेळगाव-निपाणी पट्ट्यातील बचत आजवर प्रामुख्याने बँका, पतसंस्था आणि सौहार्द सहकारी संस्थांकडे वळत आली. अशा ठेवीदाराला ‘एफडीसारखेच, पण थोडे जास्त’ असे म्हणून बाँड फंड सुचवला गेला, तर त्यातील ‘एफडीसारखेच’ हा शब्द आधी तपासून घ्यायला हवा.

बँकेतील ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत विमा आहे. (पतसंस्था वा सौहार्द संस्थेतील ठेवीला तो नाही, हेही अनेकांच्या ध्यानात नसते.) बाँड फंडाला असे कवच नाही. हा फंड सरकारचे आणि कंपन्यांचे कर्जरोखे घेतो आणि त्यांचा बदलता भाव युनिटच्या मूल्यात उतरतो. व्याजदर उतरले की जुने, अधिक व्याजाचे रोखे महागतात. दर चढले की त्यांचा भाव पडतो. फंडाचे ‘ड्युरेशन’ सात वर्षे असेल, तर दरातील एक टक्का वाढ युनिटचे मूल्य सुमारे सात टक्क्यांनी खाली आणते. दरकपातीच्या काळातील परतावा पाहून आज शिरणाऱ्याच्या वाट्याला तोच परतावा येईल, असे मुळीच नाही.

दुसरी जोखीम कर्ज थकण्याची. सरकारी रोख्यांत ती नगण्य, कमी पतमानांकनाच्या कंपन्यांत मोठी. आणि रोख्यांना गिऱ्हाईकच मिळाले नाही तर? २३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेम्पलटनने सहा डेट योजना गुंडाळल्या. सुमारे तीन लाख गुंतवणूकदारांचे २५ हजार कोटींहून अधिक रुपये अडकले. त्यांत ‘अल्ट्रा शॉर्ट बाँड’ अशा निर्धोक वाटणाऱ्या नावाची योजनाही होती. युनिटधारकांच्या बहुमताच्या संमतीविना योजना गुंडाळता येणार नाही, हा निकाल ऑक्टोबर २०२० मध्ये आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयानेच दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही संमतीची अट मान्य केली. फेब्रुवारी २०२१ पासून पैसे टप्प्याटप्प्याने परत मिळाले. पण ऐन कोरोनात दवाखान्यासाठी किंवा फीसाठी ज्याला पैसे हवे होते, त्याला हे उशिराचे समाधान कितीसे उपयोगी पडले असेल?

डिसेंबर २०२१ पासून प्रत्येक डेट योजनेला नऊ चौकटींचा जोखीम-तक्ता द्यावा लागतो. ‘ए-१’ या चौकटीत दोन्ही जोखमी सर्वांत कमी, ‘सी-३’मध्ये सर्वांत जास्त, अक्षर थकबाकीची जोखीम दाखवते, आकडा व्याजदराची. माहितीपत्रक इंग्रजीत असले, तरी ही चौकट एजंटाला बोट ठेवून दाखवायला सांगता येते. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडांच्या नफ्यावर ठेवीच्या व्याजाप्रमाणेच उत्पन्नाच्या टप्प्यानुसार कर लागतो, त्यामुळे पूर्वीची करसवलत सांगून कोणी फंड गळ्यात मारत असेल, तर ती माहिती जुनी आहे.